मनाचे दुखणे आणि बोलण्याचे औषध

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात आजवर मी पापड लाटले, लोणच्याच्या बरण्यांचा हिशेब ठेवला, भजनाला टाळ धरले. पण सर्वांसमोर उभे राहून बोलायचे धाडस कधी झाले नाही. दरवर्षी आपण बाहेरच्या कोणा विदुषींना बोलावतो. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "विषय मनाच्या आरोग्याचा ठेवलाय. डॉक्टरीणबाई आणता येतील, पण जिनं हे भोगलंय तिनं बोलावं असं मला वाटतं." मी दोन दिवस मागून घेतले. सासूबाईंना विचारले, ह्यांना विचारले, मुलीला फोन केला. तिघांनीही 'बोल' म्हटले, म्हणून उभी आहे. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

प्रथम मला तुमच्यापाशी एक कबुली द्यायची आहे. मंडळाचे हजेरीबुक उघडून पाहिलेत, तर २०२२ च्या आषाढापासून २०२४ च्या संक्रांतीपर्यंत माझ्या नावापुढे 'गैरहजर' असे लागलेले दिसेल. तुम्ही विचारलेत तेव्हा मी पाठदुखी सांगितली. कोणी तेल आणून दिलेत, कोणी शेकायची पिशवी दिलीत, एकीने तर आपला कमरेचा पट्टाच आणून दिला. भगिनींनो, माझी पाठ कधीच दुखत नव्हती. मला नैराश्याचा आजार झाला होता. पाठीचे नाव सांगायला लाज वाटत नाही, मनाचे सांगायला वाटते, म्हणून मी खोटे बोलले. त्याबद्दल आज तुम्हा सर्वांची क्षमा मागते.

हे दुखणे कसे आले ते सांगते. मोठे दुःख कोसळले म्हणजेच माणूस खचतो, असा आपला समज असतो. पुष्कळदा तसे असतेही. पण माझ्या घरी तसे काही घडले नव्हते. मुलीचे लग्न चांगल्या घरी झाले होते, मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता, ह्यांचे किराणा दुकान बरे चालले होते. लोक म्हणत, "आता काय बाई, सुटलीस!" आणि नेमकी त्याच पावसाळ्यात मी आतून ढासळत गेले.

पहाटे साडेतीनला जाग येई, ती मग काही केल्या डोळा लागत नसे. छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटे. उजाडले की दिवस कसा ढकलायचा याची धास्ती. भूक मेली. पोलकी अंगावर लोंबू लागली. दूध समोर उतू जाई आणि मी बघत उभी राही. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळत नसे. तुळशीला पाणी घालायचे राहू लागले, केस दोन दोन दिवस विंचरले जात नसत. बरे, रडू यावे तर तेही येईना. रडू येते त्याचे मन निदान ओले असते. माझे मन वाळलेल्या लाकडासारखे झाले होते. मुलीचा फोन आला की "बरी आहे" एवढे बोलून मी तो सासूबाईंच्या हातात देई.

त्या वर्षी गणपतीला उकड मळायला बसले. तेवीस वर्षे मी मोदक करते आहे. एकवीस मोदक माझे बोलता बोलता होतात. त्या दिवशी पहिल्या मोदकाच्या तीन पाऱ्या झाल्या आणि हात थांबले. पुढे काय करायचे ते सुचेना असे नव्हे. हात उचलतच नव्हता. मी उकडीचा गोळा तसाच धरून बसून राहिले. सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि काही न बोलता उरलेले मोदक त्यांनी केले. त्या रात्री मनात एकच घोळत होते की, मी आता कोणाच्या उपयोगाची नाही, मी नसले तर या घरचे ओझे कमी होईल.

उपाय काय कमी केले? दृष्ट काढली, मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या, अंगारा लावला. एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासले. ते योग्यच होते, कारण रक्त कमी असले किंवा गळ्यातील थायरॉईड नावाची ग्रंथी मंदावली, तरी माणूस असाच गळून जातो. पण तपासणीत काही निघाले नाही तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही. मन रमवा." आता भगिनींनो, मोडक्या पायाच्या माणसाला कोणी 'पळून बघ' म्हणते का? मन रमवायचे ते मनच आजारी, मग रमवायचे कशाने? घरी परतताना मला असेच वाटले की, आजार नाही म्हणजे दोष माझ्या स्वभावाचाच.

नातेवाईक यायचे. "तुला काय कमी आहे गं?" हा प्रश्न मी त्या दिवसांत किती वेळा ऐकला असेल! विचारणाऱ्यांचे मन चांगले होते. पण तो प्रश्न ऐकला की मी आणखी खाली जाई. कमी काहीच नव्हते, ते मलाही दिसत होते. सगळे असून मी अशी, म्हणजे मी कृतघ्न, असा त्याचा अर्थ मी लावत असे.

माझ्या सासूबाई इथे पुढे बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीने पुढचे सांगते. दिवाळी झाल्यावर एका दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण अशीच भिंतीकडे तोंड करून बसायची. आम्ही सगळ्या तिला आळशी म्हणायचो, नखरे करते म्हणायचो. एका पावसाळ्यात ती गेली. पाय घसरला असं गावाला सांगितलं. पन्नास वर्षं मी तेच सांगत आले. आता तुला मी आळशी म्हणणार नाही. ऊठ, आपल्याला जायचंय." गल्लीतल्या आशाताईंकडून त्यांनी आधीच विचारून ठेवले होते की जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचा विभाग असतो. ह्यांनी आधी "लोक काय म्हणतील" म्हणून कां-कूं केली. सासूबाई म्हणाल्या, "लोक तेव्हाही म्हणतच होते." ह्यांनी दुकान बंद केले आणि आम्ही तिघे एस.टी.ने निघालो.

केसपेपर काढून मानसोपचाराच्या डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी मला वेड्यासारखे वागवले नाही. साधे प्रश्न विचारले, आणि ते तुम्हीही लक्षात ठेवावेत म्हणून सांगते. गेले दोन आठवडे बहुतेक रोज मन उदास असते का? ज्यात पूर्वी गोडी वाटे त्यातली गोडी गेली आहे का? झोप उडाली आहे का, किंवा सारखी झोपच येते का? भूक कमी किंवा जास्त झाली आहे का? सतत थकवा आहे का? आपण कुचकामाच्या, आपण अपराधी असे वाटते का? लक्ष लागत नाही का? हालचाल मंदावली आहे, किंवा जिवाची उगीच तगमग होते का? आणि मरून जावे असे मनात येते का? उदासपणा किंवा गोडी जाणे यांपैकी एक आणि त्यासोबत यांतल्या बऱ्याच गोष्टी दोन आठवडे टिकल्या, कामधंदा अडू लागला, तर तो नुसता वाईट दिवस नव्हे, तो आजार समजावा. मी नऊपैकी आठांना 'हो' म्हटले. नववा प्रश्न ऐकून गप्प राहिले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्यांविषयी समजावून सांगितले. या गोळ्यांचा गुण एका रात्रीत येत नाही, दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही. त्यांचे व्यसन लागत नाही. पण आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या. आणि ते म्हणाले, "गोळ्या एक काम करतील, दुसरं काम बोलण्यानं होईल. दर आठवड्याला समुपदेशक ताईंकडे यायचं." सौम्य आजार नुसत्या बोलण्यानेही बरा होतो, माझ्यासारख्या जास्त खचलेल्यांना दोन्हींची गरज पडते, असे त्यांनीच सांगितले.

बोलून आजार बरा होतो, हे मला खरे वाटेना. बोलायला काय, आपण नळावर, ओट्यावर रोजच बोलतो. मला वाटले की आता ही ताई, माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल नसेल, मला उपदेश करणार. योगासने करा, देवाचे नाव घ्या, नवऱ्याशी गोड बोला. तसे काहीच झाले नाही. तिने आधी सांगितले, "तुम्ही बोलाल ते या खोलीबाहेर जाणार नाही. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मी घरच्यांना सांगेन." मग तिने तोच नववा प्रश्न विचारला, सरळ, डोळ्यांत बघून. "मरावंसं वाटतं का?" मी म्हटले, "झोपावं आणि उठूच नये असं वाटतं." आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आले. आपल्याला भीती वाटते की असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल. तसे होत नाही. विचारल्याने ओझे हलके होते, हे मी स्वतः अनुभवले. ताईने त्याच दिवशी माझ्यासमोर सासूबाईंना आत बोलावले, घरात काय काळजी घ्यायची ते ठरवले, आणि तसा विचार जोर करू लागला तर कोणाला हाक मारायची ते माझ्याच हाताने कागदावर लिहून घेतले. पहिले नाव मी सासूबाईंचे लिहिले.

दुसऱ्या वेळी तिने एक वही करायला सांगितली. दिवसाचे तास मांडायचे, प्रत्येक तासाला काय केले ते लिहायचे आणि मन कसे होते त्याला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. लोणच्याचा हिशेब ठेवणारी मी, वही मांडणे मला जमले. आठवड्याने पाहिले तर जवळजवळ सगळीकडे शून्य आणि एक. पण एका ठिकाणी तीन होते. त्या दिवशी सासूबाईंनी जबरदस्तीने मला मेथी निवडायला बसवले होते आणि त्या माहेरच्या गोष्टी सांगत होत्या. ताईने त्या तीनवर बोट ठेवले. म्हणाली, "तुम्ही वाट बघताय की आधी बरं वाटेल आणि मग काम कराल. या आजारात उलटं असतं. आधी थोडंसं करायचं, बरं वाटणं मागून येतं."

भगिनींनो, हे वाक्य मी पुन्हा सांगते, कारण माझा सगळा उपचार त्याच्याभोवती फिरला. हा आजार माणसाला म्हणतो, बाहेर जाऊ नको, कोणाला भेटू नको, पडून राहा. आपण ऐकतो. पडून राहिलो की आनंदाचे होते नव्हते ते दरवाजे बंद होतात, मन आणखी खाली जाते, मग आणखी पडून राहावेसे वाटते. रहाटगाडगेच ते. खांदा आखडला तर दुखतो म्हणून आपण हात हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून तो आणखी आखडतो, तसेच. खांद्याला जसे रोज थोडे थोडे वर न्यायचे, तसे मनाला न्यायचे. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे एकच काम होते, सकाळी तुळशीला पाणी घालायचे, मन असो वा नसो. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची. मग मुलीशी फोनवर पाच मिनिटे बोलायचे. हसू नका, कोपऱ्यापर्यंत जाणे त्या वेळी मला पंढरीच्या वारीएवढे लांब होते.

पुढे ताईने वहीत तीन रकाने पाडायला शिकवले. पहिल्यात काय घडले, दुसऱ्यात लगेच मनात काय आले, तिसऱ्यात त्याला पुरावा काय आणि दुसरे काही कारण असू शकेल का. एक उदाहरण देते. मी कोथिंबिरीला गेले असता समोरच्या वाड्यातल्या वहिनी समोरून आल्या आणि न बोलता निघून गेल्या. माझ्या दुसऱ्या रकान्यात आले, 'मी नकोशी झाले आहे. सगळ्यांना माझा कंटाळा आला आहे.' तिसऱ्या रकान्यात पुरावा लिहायला बसले तर लिहायला काही नाही. ताई म्हणाली, "त्यांनाच विचारून बघा." ते माझे पुढच्या आठवड्याचे काम झाले. धीर करून विचारले, तर वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. चार हातांवरचा माणूस ओळखू येत नाही मला!" वहिनी इथे बसल्या आहेत आणि आता त्यांना मागची ओळही दिसते.

मोदकाची गोष्टही मी त्या वहीत लिहिली. 'मी कोणाच्या उपयोगाची नाही.' ताईने विचारले, "तुमच्या मुलीला ताप असता आणि तिला मोदक जमले नसते, तर तुम्ही तिला हेच म्हणाला असतात?" मी म्हटले, "छे, मी तिला पांघरूण घातलं असतं." ती काहीच बोलली नाही. मीच उत्तर ऐकत बसले. उपदेश आणि हा उपचार यांत फरक आहे तो इथे. उपदेश दुसऱ्याच्या तोंडून येतो, हे उत्तर माझ्याच तोंडून आले होते.

ही पद्धत नवीन नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात डॉक्टर एरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. खचलेल्या माणसाच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि पुढच्या दिवसांविषयी वाईट विचार आपोआप, न बोलावता येतात आणि माणूस ते खरेच मानतो, हे त्यांनी हेरले. ते विचार पकडायला आणि तपासायला शिकवायचे, असा तो उपचार. शंभर वर्षे जगून ते २०२१ साली वारले. आपण तर म्हणतच आलो आहोत, 'मन चिंती ते वैरी न चिंती.' त्या वैऱ्याची उलटतपासणी कशी घ्यायची, ते मला ताईने शिकवले.

सगळे सरळ झाले असे मात्र समजू नका. तिसऱ्या महिन्यात मला बरे वाटू लागले. मी मनाशी म्हटले, आता कशाला गोळ्या आणि कशाला एस.टी.चे भाडे? कोणाला न विचारता दोन्ही बंद केले. चार-पाच आठवड्यांत पुन्हा पहाटेचे साडेतीन सुरू झाले. या वेळी शरमेने मी दवाखान्यात जाईना. ह्यांनीच माझी वही पिशवीत घातली आणि मला नेले. ताई रागावली नाही. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा नीट सुरू केल्या. त्या दिवशी ताईने ह्यांनाही आत बोलावले. ह्यांनी विचारले, "मी हिला सारखा हिंमत धर म्हणतो, तरी का होत नाही?" ताई म्हणाली, "हिंमत धर म्हणू नका. आज कोपऱ्यापर्यंत मी बरोबर येतो म्हणा." तेव्हापासून रात्री दुकान बंद केल्यावर आम्ही दोघे मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातो. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण अशा गप्पा आम्ही आधी कधी मारल्या नव्हत्या. आधी आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने मी ताईकडे जात राहिले. पुढे डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या. 'दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते,' हे अगदी खरे.

आता तुम्ही म्हणाल, ही एकीची गोष्ट झाली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. तीत सुमारे वीस मोठ्या माणसांमागे एकाला जन्मात कधी ना कधी हा आजार झाल्याचे आढळले. आपल्या मंडळाच्या सभासद बासष्ट. हिशेब तुम्हीच करा. मी एक झाले. उरलेल्या दोघी कोण, ते आपल्याला ठाऊक नाही. कोणाची पाठ दुखत असेल, कोणाचे डोके.

आणखी दोन गोष्टी मुलीने मला मोबाईलवर वाचून दाखवल्या, त्या आपल्या उपयोगाच्या आहेत. शेजारी गोव्यात 'संगाथ' नावाची संस्था १९९६ पासून काम करते. त्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बरेच खचलेल्या ४९५ माणसांवर एक प्रयोग केला. अर्ध्यांना नेहमीची देखभाल मिळाली, अर्ध्यांना तिच्या जोडीला सहा ते आठ वेळा समुपदेशन मिळाले. समुपदेशन करणारे मानसशास्त्राची पदवी घेतलेले नव्हते, त्याच भागातली साधी माणसे होती. त्यांना पद्धतशीर शिकवून तयार केले होते. त्यांनी शिकवले ते हेच, आधी थोडे करायचे, बरे वाटणे मागून येते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत शंभरांतले ६४ त्या आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९. २०१७ साली हे 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

दुसरी गोष्ट आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशाची. तिथे डॉक्टर फार थोडे. म्हणून डॉक्टर डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात आज्ज्यांना शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाकडे, त्यावर आजी बसते, आणि दुखावलेले माणूस तिच्याशेजारी येऊन बोलते. २०१६ साली त्याचीही नीट पाहणी झाली आणि गुण येतो असे दिसले. तिथले लोक या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ काय, तर 'फार विचार करणे'. ऐकून मला हसू आले. आपल्याकडेही हेच म्हणत नाहीत का, 'ती ना, विचार फार करते'!

पण यावरून कोणी असे समजू नये की, चला, आपणही गप्पा मारून लोकांना बरे करू. त्या आज्ज्या शिकलेल्या आहेत, त्यांच्यावर जाणत्यांची देखरेख असते, आणि ऐकलेले त्या चव्हाट्यावर आणत नाहीत. आपले काम त्याच्या अलीकडचे आहे. ते असे की, 'तुला काय कमी आहे' हे आपण आजपासून म्हणायचे नाही. 'मी आहे, चल, मी बरोबर येते' एवढे म्हणायचे. तिच्या ओट्यावर जाऊन भाजी निवडायला बसायचे, बोलली तर ऐकायचे, नाही बोलली तरी बसायचे. मरणाची भाषा कोणी केली तर हसण्यावारी न्यायची नाही. तिला एकटी सोडायची नाही आणि डॉक्टरांपर्यंत न्यायची. टेलि-मानस नावाची सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्री केव्हाही फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते. दुकानाच्या पाटीवर ह्यांनी तो खडूने लिहून ठेवला आहे. आणि कोणी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला तर आता तिला गुन्हेगार समजायचे नाही. ती भारी ताणाखाली होती असे धरून तिची काळजी घ्यायची, असे २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात आहे. सासूबाईंच्या बहिणीच्या वेळी हे कोणी सांगायला नव्हते.

शेवटी कार्यकारी मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली हजेरीबुकाविषयी. ओळीने दोन सभांना ज्या बाईच्या नावापुढे 'गैरहजर' लागेल, तिच्या घरी आपल्यातल्या एकीने जावे. तिघी-चौघींनी नव्हे, एकीनेच, आणि 'का आली नाहीस' असे विचारायला नव्हे, नुसते भेटायला.

दुसरी विनंती बाकड्याविषयी. मंडळाच्या दारातल्या लिंबाखाली जे जुने बाकडे आहे, त्याचा एक पाय डुगडुगतो. तो दुरुस्त करावा, खर्च मी देईन. दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सहा मी तिथे वाती वळत बसणार आहे. मी डॉक्टर नव्हे आणि समुपदेशकही नव्हे. पण दवाखान्यात केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या दाराने आत जायचे आणि आत काय विचारतात, हे मला ठाऊक आहे. ज्या कोणाची पाठ दुखत असेल तिने येऊन बसावे. पहिल्या दिवशी मी बरोबर येईन.

माझ्या सासूबाईंना मी घरी कधी आभार मानले नाहीत, आपल्यात तशी पद्धत नाही. आज इथे मानते.  कमरेचा पट्टा मी सोबत आणला आहे. ज्यांचा असेल त्यांनी कार्यक्रमानंतर घेऊन जावा.